तक्त्यावरची बाई

ट्यूटर मॅडमनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पाळी वेळेवर येते का गं तुझी?"

१९८८ साल. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये मी तिसऱ्या वर्षाला होते. मूळची मानपाड्याची, आगरी समाजातल्या घरातली. घरात एवढं शिकणारी पहिलीच, त्यामुळे मॅडम म्हणतील ती पूर्व दिशा, असं मला वाटायचं. या मॅडम आम्हाला स्त्रीरोग शिकवायच्या. उंच, कडक इस्त्रीच्या साडीतल्या, बोलणं शुद्ध पुणेरी. आवाज खाली आणून त्या कुणाशी बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. मला एकदम भरून आलं.

"चार-चार महिने येत नाही," मी म्हणाले.

"आणि हे?" त्यांनी बोट स्वतःच्या हनुवटीवर टेकवलं.

मी मान खाली घातली. अकरावीत असल्यापासून माझ्या हनुवटीवर आणि गळ्यावर केस येत होते. लव नव्हे, चांगले काळे, राठ केस. घरी मी बाबांनी टाकून दिलेल्या पात्यांनी ते काढायचे. होस्टेलवर सगळ्यांच्या आधी उठून बाथरूमला कडी लावायचे. माझ्या खोलीत खडवलीकडची एक मुलगी राहायची. तिला हे माहीत होतं. तिने कधी विषय काढला नाही, आणि याला मैत्री म्हणतात, असं माझं मत होतं.

"लाजू नकोस," मॅडम म्हणाल्या. "यावर इलाज असतो. मोठे डॉक्टर पुढच्या सोमवारी येतील तेव्हा दाखवू. फक्त तोपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पातं नाही, दोरा नाही. त्यांना दिसलं पाहिजे ना."

मी हो म्हटलं. थँक यूसुद्धा म्हटलं.

तेव्हा माझी ड्यूटी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात होती. तीन दिवसांत हनुवटी काळसर दिसायला लागली. पाय वजनाला टांगून पडलेला एक पेशंट होता, कुठल्याशा कंपनीतला फिटर. मी थर्मामीटर घेऊन गेले तर म्हणाला, "सिस्टर, आधी तुमचं उरकून घ्या. ब्रश माझा वापरा, साबण ताजा आहे." दोन्ही रांगा हसल्या. ज्याचं पोट कालच शिवलं होतं, तो टाके धरून हसला. इन्चार्ज सिस्टर टेबलापाशी बसल्या होत्या. त्याही हसल्या, मग मला बोलावून म्हणाल्या, "उद्यापासून मास्क लावून ये. पेशंट डिस्टर्ब होतात."

रविवारी घरी गेले. आई ओटीवर कोलीम, बारीक कोळंबी, निवडत बसली होती. तिने मला येताना पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"ही कं अवदसा? कोनी बगला तं? मागल्या दारानं ये."

"आई, डॉक्टरला दाखवायचंय. मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमला सांग, आमचे पोरीला अजून उजवायची हाय."

मागच्या दाराने आत गेले, जेवले आणि मागच्याच दाराने परत निघाले.

सोमवारी मॅडमनी मला लेक्चर हॉलमध्ये बोलावलं. दार उघडलं तर आमची सगळी बॅच बसलेली होती आणि मागच्या बाकांवर ज्युनिअर मुली होत्या. खिडकीपाशी एक स्टूल ठेवलं होतं. डॉक्टर कुठे दिसेनात.

"मॅडम, मोठे डॉक्टर?"

"त्यांना कुठे वेळ आहे? तू बस. तोंड उजेडाकडे कर."

मी बसले. आजही मला नवल वाटतं ते याचंच, की मी बसले. पण तिथे न बसण्याची पद्धतच नव्हती. आमच्या पुस्तकात या विकाराला दोन परदेशी डॉक्टरांची नावं होती आणि एकच परिच्छेद होता. मॅडमनी तो परिच्छेद माझ्यावर वाचून दाखवला. हातात लाकडी पट्टी होती. "बीजकोश मोठे होतात, त्यांत बारीक बारीक गाठी धरतात," पट्टी माझ्या ओटीपोटाकडे. "वजन वाढतं," पट्टी कमरेकडे. "चेहऱ्यावर मुरमं, तेलकटपणा. आणि हे पुरुषी केस. ओठावर, हनुवटीवर, गळ्यावर. मान वर कर."

मी मान वर केली.

"आता रांगेने या आणि हात लावून बघा. लव कोणती आणि राठ केस कोणते, हे वाचून कळत नाही."

त्या रांगेने आल्या. कुणी बोटाच्या टोकाने बघितलं, कुणी दूध निवलंय का ते बघावं तसं बोटांच्या मागच्या बाजूने. एकीने हात लावला आणि लगेच ॲप्रनला पुसला. बहुतेकींना लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. पण त्यांतली एकही रांगेतून बाजूला झाली नाही. माझ्या खोलीतली खडवलीची मुलगी आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे न बघता हनुवटीवरून अंगठा फिरवला.

"काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"राठ आहेत, मॅडम."

"बरोबर."

शेवटी मॅडमनी विचारलं, कुणाला शंका? मागून एक ज्युनिअर उठली. "मॅडम, यांना मूल होणार नाही?"

"बहुधा नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघून समजूत घातल्यासारखं म्हटलं, "अर्थात ही नर्स होणार आहे. हिच्या हातून बाकीच्यांची शेकडो होतील." सगळ्या हसल्या. वातावरण मोकळं झालं, असं मॅडमना वाटलं असणार. "जा आता," त्या म्हणाल्या. "दाढी करायला हरकत नाही."

मी बाथरूममध्ये गेले. पातं फिरवताना गळ्याला दोन ठिकाणी कापलं.

गोष्ट इथेच संपली असती तर मी ती विसरले असते. पण मॅडमना आरोग्यशिक्षणाची भारी हौस. प्रत्येक आजाराचा रंगीत तक्ता करायचा, ओपीडीत टांगायचा, आणि बाकांवर नंबराची वाट बघत बसलेल्या बायकांना आम्ही मुलींनी तो समजावून सांगायचा. त्याला हेल्थ टॉक म्हणायचे. या आजाराचा तक्ता खडवलीच्या मुलीकडे दिला, कारण तिचा हात चांगला होता. ती आमच्या खोलीत जमिनीवर कागद पसरून बसायची आणि मी पलंगावर बसून बघायचे. आधी बाईचा नुसता आकार होता. मग गाल आले, माझे असतात तसे भरलेले. मग होस्टेलच्या नियमाप्रमाणे वर बांधलेल्या दोन वेण्या. हनुवटीवर बारीक काळ्या रेघा. शेवटी तिने नाकाच्या डाव्या बाजूला तीळ काढला.

"तीळ कशाला?" मी विचारलं. माझ्या नाकाशी तिथेच तीळ आहे.

"मॅडम म्हणाल्या, खरी वाटली पाहिजे."

"मग तुझा तीळ काढ."

"मला कुठे आहे?" ती म्हणाली, आणि ब्रश पाण्यात बुडवला.

हॉस्पिटलच्या प्रदर्शनात त्या तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मग तो बायकांच्या ओपीडीत बाकांच्या समोर टांगला गेला. टॉक कुणी द्यायचा, याची वाटणी होताना मॅडम म्हणाल्या, "तू दे. तुला पाठ करावं लागणार नाही."

दिला मी. हातात पट्टी घेऊन स्वतःच्याच चित्रापाशी उभी राहिले आणि बोलत गेले. पाळी तीन-तीन महिने येत नसेल, अंगावर राठ केस येत असतील, वजन वाढत असेल, तर बायांनो, लपवू नका. पहिल्या बाकावर खाडीकडच्या कोळणी बसल्या होत्या, बाजार आटोपून आलेल्या. त्यांतली एक म्हातारी मघापासून एकदा तक्त्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"तं ही तूच ना गो बाय?"

"नाही आजी. हे चित्र आहे. कुठल्याही बाईचं असू शकतं."

"मंग तील तुज्या नाकाशी कसा?"

बाक हसला. दारातल्या ज्युनिअर मुली तोंडावर रुमाल धरून हसल्या. म्हातारीला मात्र हसू आलं नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मंग तुला पोर व्हनार का नाय?"

नर्सने पेशंटच्या प्रश्नाचं उत्तर टाळायचं नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. मी म्हणाले, "होऊ शकतं, आजी. पाळी येत नसली तरी बीज मधूनच तयार होतं. कधी होईल, सांगता येत नाही. म्हणून तर तपासून घ्यायचं."

शेवटच्या बाकावर एक बाई बसली होती, गळ्यात ठसठशीत सोनं, हातात केसपेपर. ती एकदाही हसली नाही. टॉक संपल्यावर जवळ आली आणि मला नीट निरखत म्हणाली, "सिस्टर, गाव कोनता तुमचा?"

"मानपाडा."

"आसं," ती म्हणाली, आणि डॉक्टरांना न दाखवताच निघून गेली.

मला काहीच माहीत नव्हतं. माझ्या आत्याने कोपरीचं एक स्थळ काढलं होतं. आपल्यातलं घर, मुलगा ठाण्यात कंपनीत, आणि नोकरीवाली सून चालेल म्हणणारे. मुलीला न कळवता आधी कामावर बघून यावं, म्हणून मुलाची आई आली होती. पुढच्या रविवारी मी घरी होते तेव्हा आत्या निरोप घेऊन आली. मला बाहेर जायलासुद्धा कुणी सांगितलं नाही. माझ्यासमोरच ती आईला म्हणाली, "ती म्हनते, माज्या पोराचा लगीन बाईशी लावायचा हाय, दाडीवाल्याशी नाय. आनि म्हनते, पोरगी स्वताच पट्टी घेऊन सांगते, मना पोर व्हनार का नाय त्याचा भरोसा नाय. चारचौघांत."

आईने ताटातला भात शेवटपर्यंत खाल्ला. हात धुतला. मग ओल्याच हाताने माझ्या थोबाडीत मारली.

"तुला तोंड उघडाला कुनी सांगितला व्हता?"

बाबा दारात उभे होते. ते चपला घालून कंपनीकडे निघून गेले. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती.

होस्टेलवर परत आल्यावर मी मॅडमना जाऊन सांगितलं, टॉकमुळे आलेलं स्थळ मोडलं. माझी अपेक्षा काय होती, कोण जाणे. त्या वही तपासत होत्या. "बरंच झालं," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर कळलं असतं तर? आणि हे बघ, तुझ्या टॉकनंतर कितीतरी बायकांनी तपासणीला नावं दिली. ज्या एरवी मेल्या तरी बोलत नाहीत अशा बायकांनी. शिक्षण म्हणजे हेच असतं गं. कुणाला तरी उभं राहावं लागतं."

नावं दिली होती, हे खरं होतं. म्हणूनच मला मॅडमचा अजून राग येतो. त्या खोटं बोलत असत्या तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर आईने मला कल्याणला एका बायकांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे सोनोग्राफीचं मशीन नवीन आलं होतं. मला पोट तट्ट होईपर्यंत पाणी पाजून बाकावर बसवून ठेवलं. मग अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून आईला दाखवलं, "या बारीक बारीक गाठी. मोत्यांची माळ असते ना, तशा."

"मंग काडा ना ती माल," आई म्हणाली.

डॉक्टर हसले. त्यांनी पाळी येण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, वजन कमी कर म्हणाले, आणि आईला म्हणाले, "काकू, खरं औषध सांगू? लग्न लावून टाका हिचं. नवऱ्याकडे गेल्या की निम्म्या मुलींचं आपोआप सुरळीत होतं."

जिना उतरताना आई मध्येच थांबली आणि हसायला लागली. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "लगीन झाला का बरी व्हनार, न बरी झाली का लगीन व्हनार! चल."

कोर्स संपला. त्याच हॉस्पिटलात मला स्टाफ नर्स म्हणून नोकरी लागली. स्थळं आली आणि परत गेली. मानपाड्यापासून कोपरीपर्यंत आमच्यातली घरं एकमेकांना ओळखतात. एका घरी सांगितलेलं दुसऱ्या घरी सांगावं लागत नाही.

१९९१ मध्ये कल्याणचं एक स्थळ आलं. बिजवर. बायको काविळीने गेलेली, आठ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा, घरात म्हातारी आई. तो एका कारखान्यात सुपरवायझर होता. दिसायला नीटनेटका, मितभाषी. बघायला आला तेव्हा मला एकटीला बोलायचं म्हणाला. आम्ही मागच्या अंगणात गेलो.

"मी स्पष्टच बोलतो," तो म्हणाला. "मला मूल नकोय. दोन आहेत. दुसरीला स्वतःचं झालं की पहिलीच्या पोरांचे हाल होतात, हे मी आमच्याच घरात बघितलंय. तुमचं सगळं मला कळलंय. तुमचा दोष माझ्या सोयीचा आहे."

एवढं स्वच्छ माझ्याशी कुणीच बोललं नव्हतं. मला तो चांगला माणूस वाटला. डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलंय, ते त्याने विचारलं नाही. त्याला जेवढं हवं होतं तेवढं त्याने ऐकलेलं होतं.

लग्न झालं. कल्याणच्या दोन खोल्यांत सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर. तोंडाचं जे काही करायचं असेल ते हॉस्पिटलात, मोरीत नाही, पोरं घाबरतात. आणि पोरांनी मला आई म्हणायचं नाही. मुलगी मला सिस्टर म्हणायची. तिला ताप आला की मी तिच्या कपाळावर घड्या ठेवायचे आणि ती डोळे मिटून म्हणायची, "सिस्टर, आता आजीला बोलव." मी दोघांचे डबे भरायचे, मुलीच्या वेण्या घालायचे, मग ड्यूटीला जायचे. नवरा कधी ओरडला नाही. ठरल्याप्रमाणे चाललं होतं, तोवर तो फार चांगला वागला.

दुसऱ्या वर्षी मला मळमळायला लागलं. मी ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या. पाळी आली नव्हती, पण ती मला कधी वेळेवर येत होती? वजन वाढलं, तेही नेहमीचंच होतं. शेवटी हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर झोपवून तपासलं आणि त्या बघतच राहिल्या. "सिस्टर, चौथा चालू आहे. तुम्हाला कळलं नाही?"

खोलीतल्या सगळ्या हसल्या. आयाबाईने टाळी दिली. मीही हसले. माझ्या शरीरावर लोक हसले आणि मलाही हसू आलं, असं आयुष्यात एकदाच झालं.

कल्याण स्टेशनबाहेर मी पाव किलो पेढे घेतले. नवरा नुकताच कामावरून आला होता. मी बॉक्स पुढे करून सांगितलं. त्याने बॉक्स घेतला, न उघडता फळीवर ठेवला आणि खुर्चीवर बसला.

"फसवलंस," तो म्हणाला.

"मी काय केलं?"

"मी पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. तुझ्याकडून एक शब्द आला नाही."

सासूबाई आतून आल्या. त्यांना आणखी सोपी शंका होती. "डॉक्टर म्हनले व्हते व्हनार नाय. मंग हा कुनाचा?"

मला वाटलं, निदान यावर तो काही बोलेल. तो पायातले मोजे काढत होता.

"उद्या जाऊन काढून ये," तो म्हणाला. "तुझ्याच हॉस्पिटलात सोय आहे."

मी नाही म्हणाले. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं नाही. सकाळी माझी बॅग दाराशी ठेवलेली होती. मुलगी शाळेत जायला निघाली होती. बॅगेला वळसा घालून ती खाली उतरली.

मानपाड्याला आईने मला पुढच्या दाराने आत घेतलं. माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली. नवऱ्याने घालवून दिलं, याचं तिला काहीच वाटलं नाही. तिच्या डोक्यात वेगळंच होतं. पोट दिसायला लागल्याबरोबर ती मला नवीन साडी नेसवून कोपरीला एका हळदीकुंकवाला घेऊन गेली. मला नाकारणारी ती मुलाची आई तिथे येणार, हे तिने आधी काढून ठेवलं होतं. मला बरोबर तिच्या समोर बसवलं आणि माझा पदर हलकेच बाजूला केला.

ती बाई बघत राहिली. मग म्हणाली, "देवाची करनी."

"तुमच्याकडं झाला काय काही?" आईने गोड आवाजात विचारलं. त्या बाईच्या सुनेला दोन वर्षं काही नव्हतं, हे मानपाड्यात सगळ्यांना माहीत होतं. सून तिथेच बसलेली होती, हातात हळदीची कुयरी धरून. तिने मान वर केली नाही. मला उठून जावंसं वाटलं, पण आईचा हात माझ्या मांडीवर होता, घट्ट.

पाचव्या महिन्याच्या शेवटी ते गेलं. ड्यूटीवर नव्हते, घरीच होते, विहिरीपाशी कपडे पिळत. डोंबिवलीच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं तोवर सगळं संपलं होतं. काय होतंय, ते मला पायरीपायरीने कळत होतं. शिकलेलीच होते मी ते. या आजारात असं पुष्कळदा होतं, हे डॉक्टरांनी मला सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, माहीत आहे.

आई आत आली. पलंगाच्या कडेला बसली.

"पोरगा व्हता," ती म्हणाली. आणि मग, "आता कोपरीला कं सांगू?"

रजा संपून मी कामावर गेले. हॉस्पिटलात मला कुटुंब नियोजन विभागात टाकलं होतं. बदली मागण्याचं त्राण नव्हतं. दिवसभर जोडप्यांना ऑपरेशनचं समजावून सांगायचं, हे माझं काम.

पावसाळा संपता संपता नवरा मानपाड्याला आला. आईने त्याला पाट मांडला, बोंबील तळले. तो पोटभर जेवला. सुपारी कातरताना बाबांना म्हणाला, "झालं ते एका परीनं बरंच झालं. पोरांची आबाळ होतेय. हिला न्यायला आलोय." आई आत माझी बॅग भरायला लागलीसुद्धा.

मी दारात उभी होते. म्हणाले, "एक सांगायचंय. या वेळी आधीच सांगते. मला पुन्हा दिवस राहू शकतात."

सुपारी कातरायची थांबली. "डॉक्टर म्हणाले?"

"मी म्हणते. मला माहीत आहे."

तो जरा विचार करून म्हणाला, "मग आधी ऑपरेशन करून घे आणि मग ये."

"मी का? मूल तुम्हाला नकोय. तुम्ही करून घ्या."

"काय?"

"बसा, समजावते," मी म्हणाले आणि त्याच्या समोर जमिनीवर बसले. मी त्याला सगळा टॉक दिला, रोज देत होते तसा, शब्द न गाळता. पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं. पोट उघडावं लागत नाही. त्याच दिवशी घरी जाता येतं. आठवडाभर जड उचलायचं नाही. अंगातली ताकद जात नाही, आवाज बदलत नाही. बाबा खाली बघत होते. आई बॅग हातात घेऊन दारात खिळली होती. नवऱ्याचे कान लाल झाले होते. शेवटी मी म्हणाले, "आणि घाबरू नका. दाढी येत राहते."

तो उठला. पुडीतली सुपारी तशीच टाकून, चपला हातात घेऊन अंगणापर्यंत गेला, तिथे त्या घातल्या आणि गेला.

मला फार बरं वाटलं. पण टिकलं नाही, कारण आईने बॅग माझ्या अंगावर फेकली. "आता जा. कुठं जायचा तिथं जा."

मी हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये गेले. त्याने कल्याणच्या कोर्टात घटस्फोट मागितला. मुलीचा आजार लपवून लग्न लावलं, असं त्याचं म्हणणं होतं. मी विरोध केला नाही. त्याची मुलगी मला एकदा, मोठी झाल्यावर, डोंबिवलीच्या बाजारात दिसली. तिने ओळखलं आणि दुकानात वळली.

आई दोन वर्षं माझ्याकडे आली नाही. मग तिला मधुमेह निघाला, पायाला जखम झाली आणि ती भरेना. कुणीतरी तिला सांगितलं, पोरगी नर्स असताना बाहेर कशाला पैसे घालतेस. ती आली. क्वार्टरच्या खुर्चीत बसून तिने पाय माझ्या मांडीवर ठेवला. मी जखम धुतली, मेलेली कातडी कापली, पट्टी बांधली. ती माझ्याकडे एकटक बघत होती. त्या दिवशी सकाळी मला पातं लावायला वेळ मिळाला नव्हता.

"तू पोरगा व्हायला पायजे व्हतीस," ती म्हणाली. "सगल्यांचा सुटला असता."

मी पट्टीची गाठ मारली. "ओलं करू नको," म्हणाले. "परवा पुन्हा ये."